टीव्हीवरचं गाणं खरंच वरच्या पट्टीत होतं

ठाण्यातल्या नौपाड्यातून आलेलं हे पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे.

"मी ६६ वर्षांची. बँकेतून निवृत्त झाले. आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, दोन महिन्यांत जागा रिकामी करायची आहे आणि पुढची तीन वर्षं कळव्याला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये काढायची आहेत. माळ्यावर माझ्या ११२ व्हिडिओ कॅसेटी आहेत. १९८७ ते १९९६ या काळात दूरदर्शनवर लागलेले सिनेमे आणि कार्यक्रम मी टेप केले होते. मुलगा म्हणतो, 'आई, सगळं यूट्यूबवर आहे, हे भंगारात दे.'

दुसरं दुखणं वेगळं आहे. घंटाळीजवळ एका स्नेह्यांकडे आम्ही सात-आठ जण दर शनिवारी जमतो आणि जुन्या सिनेमांवर बोलतो. मध्यंतरी 'जगाच्या पाठीवर'चा विषय निघाला. मी म्हटलं, त्यातलं बाबूजींचं (सुधीर फडक्यांचं) गाणं टीव्हीवर लागायचं तेव्हा ते रेकॉर्डपेक्षा किंचित वरच्या पट्टीत वाटायचं. मी पेटी शिकलेली आहे. टीव्हीबरोबर वाजवायला बसले की सूर जुळत नसे, हे मला पक्कं आठवतं. आमच्यातल्या नानांकडे तबकड्यांचा मोठा साठा आहे. ते सगळ्यांसमोर म्हणाले, 'कान तपासून घ्या. गाणं एकच, पट्टी एकच.' मीही 'तुमच्याच तबकड्या घासल्यात' असं बोलून गेले. तेव्हापासून पाच शनिवार मी गेलेली नाही. कॅसेटी टाकून द्याव्यात का? आणि त्या मंडळींत परत जावं का?"

ताई, नमस्कार.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. मी सुरुवात तिसऱ्यापासून करते, जो तुम्ही विचारलेला नाही पण पत्रभर तोच टोचतो आहे. तुमचे कान शाबूत आहेत. ते गाणं टीव्हीवर खरंच वरच्या पट्टीत वाजत होतं.

सिनेमाची फिल्म प्रोजेक्टरमधून सेकंदाला २४ चित्रं या वेगाने जाते. बोलपट आले तेव्हापासून हा वेग ठरून गेला आहे. मल्हार, वंदना या ठाण्याच्या थिएटरांत तुम्ही जे सिनेमे पाहिले असतील ते याच वेगाने पाहिलेत. आपल्याकडच्या टीव्हीची तेव्हाची पद्धत मात्र 'पाल' (PAL) नावाची. तिच्यात सेकंदाला २५ चित्रं लागतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि तिच्या निम्मे २५, असा तो हिशोब बसवलेला आहे. मग २४ चित्रांचा सिनेमा २५च्या यंत्रातून दाखवायचा कसा? पाल वापरणाऱ्या देशांमध्ये त्यावर सरळ तोड काढली गेली: फिल्मच जरा जोरात पळवायची. फरक साधारण चार टक्क्यांचा. दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं आधी संपतो. डोळ्यांना हे कळत नाही, माणूस चार टक्के भरभर चालला तर कोणाच्या लक्षात येणार? पण आवाजही त्याच फिल्मच्या कडेला छापलेला असतो. चित्र पळालं की आवाज पळतो, आणि पळणारा आवाज चढतो.

किती चढतो? एका सुराहून कमी. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एकच्या दिशेने निघतं आणि तिच्या अलीकडेच थांबतं. आता तुमची पेटी आठवा. पेटीवर पांढरी एक आहे, काळी एक आहे, मधल्या जागेला पट्टीच नाही. म्हणून तुम्ही कुठूनही सुरू केलंत तरी जुळत नव्हतं. पत्रातलं हे वाक्य वाचलं आणि मी उठून माझ्या पेटीपाशी जाऊन बसले. चाळीस वर्षांपूर्वी पेटी बिघडली असेल, नाहीतर आपण बेसूर असू, असं तुम्हाला कितीदा वाटून गेलं असेल. तुम्ही बेसूर नव्हतात. तुम्ही जिथे सूर नाही तिथे तो शोधत होतात. आणि तुम्ही 'किंचित' हा शब्द वापरलात, जो अगदी मापाचा आहे. ऐकलेलं असल्याशिवाय असा शब्द सुचत नाही.

नानांचंही चुकलेलं नाही, हे ऐकायला आज जड जाईल. त्यांच्या तबकडीवरचा आवाज स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या पट्टीतलाच आहे. फक्त त्यांच्या ग्रामोफोनची तबकडी बरोबर गतीने फिरत असली पाहिजे, ७८ची असेल तर मिनिटाला ७८ फेरे. जुन्या यंत्रांची गती ढळते, तेव्हा तेही तपासायला सांगा, प्रेमाने. मात्र त्यांचं 'गाणं एकच' हे सरसकट खरं नाही. ७८च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे काही मावत नसे. त्यामुळे पडद्यावरच्या गाण्यात असलेलं एखादं कडवं, एखादा वाद्यमेळ तबकडीवर गाळलेला असे. कधी तबकडीसाठी गाणं वेगळं ध्वनिमुद्रितही होई. थिएटरातलं, तबकडीवरचं आणि दूरदर्शनवरचं, असं एकच गाणं तीन रूपांत आपल्यापर्यंत आलं. तुम्ही तिसऱ्याबद्दल बोलत होतात, ते दुसऱ्याबद्दल.

आता कॅसेटी. तुमच्या मुलाचं म्हणणं अर्ध्यापर्यंत बरोबर आहे. 'जगाच्या पाठीवर' १९६०चा सिनेमा, राजा परांजपे, गदिमा, बाबूजी अशी माणसं, तो कुठे ना कुठे सापडणार. पण तुमच्या कॅसेटवर नुसता सिनेमा नाही. तिच्यावर एक शनिवारची संध्याकाळ आहे. सिनेमाआधी येणारी निवेदिका आहे, मध्येच बातम्यांसाठी थांबलेला सिनेमा आहे, 'व्यत्यय'ची पाटी आहे, जाहिराती आहेत, गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने हलल्यावर आलेल्या मुंग्या आहेत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. आठवड्याचं ते वेळापत्रक दोन पिढ्यांच्या अंगात भिनलं होतं. आम्ही चरईत राहत होतो, शेजारच्या काकूंकडे टीव्ही होता, आणि शनिवारी त्यांच्या घरात चपला काढायला जागा नसे. सिनेमा जपणाऱ्या संस्था आहेत. या संध्याकाळी कोणी जपल्या?

टीव्ही केंद्रांनी सगळ्या जपल्या नाहीत, आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. पूर्वी चित्रीकरणाची टेप फार महाग असे, त्यामुळे आधीचं पुसून तिच्यावरच पुन्हा चित्रण करायची पद्धत जगभर होती. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे १९६०च्या दशकातले कितीतरी भाग असेच गेले. पण त्यातल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपला होता. ती पोरंसोरं होती, तुमच्यासारखीच वेडी. आपल्याकडे स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत. त्या वाचताना पाहिलेली माणसं अजून भेटतात, पण घरी कोणी ते टेप केलं असण्याची शक्यता फार कमी, कारण तेव्हा घरोघरी व्हीसीआर नव्हते. तुमच्याकडे १९८७मध्ये होता आणि तुम्ही तो वापरलात.

सिनेमाच्या बाबतीतही 'कुठेतरी असेलच' या भरवशावर आपण फार गमावलं आहे. १९३१चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून डबे गोळा केले, तोवर मूकपटांच्या काळातलं बहुतेक सगळं संपलं होतं.

तरीही, ११२च्या ११२ ठेवा असं मी म्हणणार नाही. कळव्याच्या वन बीएचकेमध्ये त्या पलंगाखाली जातील, तिथे त्यांना ओल लागेल आणि तीन वर्षांनी तुम्हीच रडाल. शिवाय कॅसेट डिजिटल करायला ती जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो. तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास. ११२ कॅसेटींचे ३३६ तास झाले, रोज दोन तास बसलात तरी साडेपाच महिने. तुमच्याकडे दोन आहेत. तेव्हा निवड करावीच लागेल, आणि ती तुम्ही करा, मुलावर सोडू नका.

निवडीचं माझं माप असं. ज्या कॅसेटवर सिनेमाच्या आगेमागे प्रक्षेपण राहिलं आहे, म्हणजे निवेदन, बातम्या, जाहिराती, ती पहिल्या ढिगात. मराठी कार्यक्रम, मुलाखती, स्टुडिओत झालेली नाटकं, गाण्याच्या मैफली, याही तिथेच, आणि सिनेमांच्याही आधी. तुम्ही रिमोट हातात धरून, जाहिरात आली की थांबवत स्वच्छ टेप केलेला हिंदी सिनेमा असेल, तर तो जाऊ दे. हे लिहिताना मला गंमत वाटते आहे, कारण तेव्हा आपण ज्याला नीट टेप केलेलं म्हणायचो त्याचं मोल आज कमी, आणि जिथे थांबवायला विसरलो ते सोनं. माझा अंदाज आहे की पंचवीस-तीस कॅसेटी उरतील.

कॅसेटीवर तारीख नसेल तर मधल्या बातम्या ऐका, दिवस त्यातून कळतो. वर्तमानपत्रांत रोज टीव्हीचे कार्यक्रम छापून येत, त्यांच्याशीही ताळा जमतो. आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून आहे, जुने अंक पाहायला मिळतील का ते तिथे जाऊन विचारा.

व्हीसीआरला हात लावण्याआधी मात्र प्रत्येक कॅसेटची खिडकी उजेडात धरून पाहा. फितीच्या कडेवर पांढरट भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि माळ्यावरचा अंधार, दोन्ही तिला मानवतात. अशी कॅसेट चुकूनही लावू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. ती वेगळ्या पिशवीत बांधा आणि स्वच्छ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं एकाला एक चिकटलेली फीत मोकळी होते. मागच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा दात शाबूत असेल तर तो मोडा, म्हणजे घाईत चुकीचं बटण दाबलं तरी वरून टेप होणार नाही. ठेवताना पुस्तकासारख्या उभ्या ठेवा.

आणि व्हीसीआर चालू असेल तर त्याला जपा. जपानच्या ज्या कंपनीने शेवटपर्यंत व्हीसीआर बनवले तिने २०१६मध्ये ते बंद केले. नवा मिळणार नाही.

डिजिटल करून देणारी दुकानं ठाण्यात आहेत, पण तिथे एक गोष्ट कागदावर लिहून द्या, कारण मी ती तोंडी सांगायलाही विसरले होते. माझ्या वडिलांच्या नऊ कॅसेटी मी एका दुकानात दिल्या. दुकानदार भला माणूस, मेहनती. त्याने मला पेनड्राइव्ह दिला तेव्हा कौतुकाने सांगितलं, "मॅडम, सगळ्या जाहिराती काढल्यात, सिनेमा एकदम क्लीन केलाय, आणि मोठ्या टीव्हीसाठी फुल स्क्रीन पण केलाय." निवेदिका गेली होती. बातम्या गेल्या होत्या. एका कॅसेटच्या शेवटी वडिलांनी चुकून टेप केलेला पावसाचा अंदाज होता, तोही गेला होता. आणि उरलेल्या सिनेमात सगळी माणसं आडवी फुगलेली. मूळ कॅसेटी मी त्याच आठवड्यात टाकून दिल्या होत्या. तेव्हा लिहा: पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, मुंग्यांसकट, काहीही न कापता, चित्राचा आकार चारास तीन, सेकंदाला २५ चित्रं, तशीच. आणि हातात आलेली फाइल पूर्ण पाहिल्याशिवाय मूळ कॅसेट घराबाहेर जाऊ देऊ नका.

जागा फारशी लागत नाही. चांगल्या प्रतीत तासाला चार जीबीच्या आत बसतं. सगळ्या ११२ केल्यात तरी दोन टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कमध्ये मावतील, तुमच्या तीस तर सहज. डिस्क मात्र दोन घ्या आणि एक मुलाकडे ठेवा. मुलाला हे काम सांगून पाहा. त्याला कॅसेटींचा राग नसावा, घर हलवायचा ताण असावा. एका रविवारी त्याला त्याच्या लहानपणीच्या काळातली एखादी कॅसेट लावून दाखवा. त्याच्या मोठ्या टीव्हीवर लावाल तेव्हा चित्र चारास तीन करून घ्या आणि हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय नव्या टीव्हीत असते ती बंद करा, नाहीतर जुना सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसतो.

हक्कांचं थोडक्यात. सिनेमाचा कॉपीराइट आपल्याकडे प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो, प्रक्षेपणाचा २५ वर्षं, आणि गाणी लिहिणाऱ्या-बांधणाऱ्यांचा त्यांच्या पश्चात ६० वर्षं. स्वतःसाठी प्रत करून ठेवा, घरी चार जणांत पाहा. अख्खा सिनेमा कुठे चढवू नका. एखादी कॅसेट खरंच दुर्मीळ निघाली तर यादी करून पुण्याच्या संग्रहालयाला पत्र लिहा.

राहिले नाना.

त्यांनी तुम्हाला चारचौघांत दुखावलं, ते वाईटच केलं. माहिती चुकली असती तर सांगता आलं असतं, तुमच्या कानांवर घसरायचं कारण नव्हतं. बाईने तांत्रिक काही म्हटलं की तिला आधी 'तुम्हाला भास झाला' म्हणायचं, ही सवय आपल्या पिढीतल्या चांगल्या चांगल्या पुरुषांना आहे, आणि ती त्यांना कोणीतरी सांगायला हवी. तुम्हीच सांगा. पण तबकड्यांबद्दलचं तुमचं वाक्यही लागलं असणार, ताई. ज्या माणसाने आयुष्यभर मऊ फडक्याने तबकड्या पुसल्या त्याला तुम्ही त्या घासल्यात म्हणालात. तेवढं तुमच्याकडून जाऊ दे.

आपल्या वयाच्या सिनेमावेड्यांची एक अडचण मला जाणवते. आपण बहुतेक सिनेमे एकदाच पाहिले आणि ताडून बघायची सोय नव्हती. आठवण हाच आपला संग्रह होता. त्यामुळे कोणी आठवणीवर बोट ठेवलं की माळ्यावरचं सगळंच कोणी उचलून नेतंय असं वाटतं. नानांकडे निदान तबकड्या तरी आहेत. तुमच्याकडेही पुरावा आहे, पण माळ्यावर, डब्यात. तो काढा.

फोन करा, निरोप पाठवू नका. असं म्हणून पाहा: "नाना, तुम्ही त्या दिवशी मला सगळ्यांसमोर बोललात ते मला लागलं. मीही तबकड्यांबद्दल बोलायला नको होतं. पण माझ्याकडे त्या गाण्याची टीव्हीवरून घेतलेली कॅसेट आहे आणि दोन महिन्यांत व्हीसीआर खोक्यात जाणार आहे. तुमची तबकडी आणि ग्रामोफोन घेऊन माझ्याकडे या, आपण दोन्ही लागोपाठ ऐकू." ते नाही म्हणणार नाहीत. तबकडी जमवणारा माणूस असं आमंत्रण सोडत नाही, आणि सोडलंच तर बाकीच्या सहा जणांना बोलवा, ते येतील.

त्या शनिवारी पेटी बाहेर काढून ठेवा. आधी तबकडी, तिचा सूर पेटीवर धरा. मग कॅसेट. पट्टीचं गणित नानांना तुम्ही समजावून सांगा, माझं नाव घेऊ नका. आणि गाणं संपल्यावर कॅसेट लगेच थांबवू नका, सिनेमा संपून पुढे काय येतं ते सगळ्यांना पाहू द्या. एखादी निवेदिका आली आणि तिचं नाव कोणाला आठवलं, तर तारखेसकट लिहून ठेवा आणि मलाही कळवा.